गोल्डफिशच्या अंगावर गाठ दिसली तर...

पुण्यात हौसेने गोल्डफिश पाळणाऱ्यांना माशाच्या अंगावर गाठ दिसली, की काळजी वाटते. पण प्रत्येक उंचवटा हा रोग नसतो. ओरांडा जातीच्या माशाच्या डोक्यावरचा मांसल टोप हे जातीचेच लक्षण आहे. विणीच्या हंगामात नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर उठणारे बारीक पांढरे ठिपकेही नैसर्गिकच. मात्र मिठाच्या कणांसारखे ठिपके अंगभर पसरले आणि मासा अंग घासू लागला, तर परजीवीची लागण समजावी. मेणासारखे चट्टे विषाणूमुळे येतात. पाणी उबदार झाले की ते बहुधा ओसरतात. वाढणारी किंवा रक्ताळणारी गाठ पशुवैद्यकांना दाखवावी, घरी कापू नये.

खडकवासल्याचे पाणी क्लोरीन मिसळून नळाला येते. ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवूनच टाकीत घालावे. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे, एकदम सगळे नको.

हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये. पाण्यातील 'मायकोबॅक्टेरियम मरिनम' या जंतूमुळे काही आठवड्यांनी माणसाच्या हातावरही गाठ उठू शकते. अशी गाठ लवकर बरी होत नसेल, तर घरी मासे पाळतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.