नोकरीचा अर्ज आणि दूरध्वनीवरील पहिली ओळख

नोकरीसाठी अर्ज केला की उमेदवाराचे लक्ष मुलाखतीच्या दिवसाकडे लागते. पोशाख कोणता करावा, प्रमाणपत्रे कोणत्या क्रमाने लावावीत, कोणते प्रश्न विचारले जातील, याची तयारी तो मनापासून करतो. परंतु मुलाखतीचे बोलावणे ज्या दूरध्वनीवरून येते, त्यावर कसे बोलावे याचा विचार क्वचितच केला जातो. सरकारी भरतीची रीत वेगळी. तेथे जाहिरात, परीक्षा व गुणवत्ता यादी असते. कारखाने, रुग्णालये, दुकाने, खाजगी शाळा यांच्या बाबतीत मात्र उमेदवाराची पहिली ओळख पुष्कळदा दूरध्वनीवरच होते. खरी मुलाखत तेथेच सुरू होते, असे म्हणावयास हरकत नाही.

पूर्वी बोलावणे टपालाने येई. पत्र पुन्हा पुन्हा वाचता येई, गुरुजींना दाखविता येई, उत्तर विचारपूर्वक लिहिता येई. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण झाले आणि पुढे हे साधन खेडोपाडी पोहोचले. आता बोलावणे उमेदवाराला शेतात, एस.टी.त, आठवड्याच्या बाजारात, कोठेही गाठते. सोय झाली, पण विचाराची सवड गेली.

पहिला ग्रह कसा होतो?

अमेरिकेत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उद्‌बोधक ठरेल. एका व्यक्तीचे सहा विशेष त्याने दोन गटांना वाचून दाखविले. एका गटापुढे ‘बुद्धिमान, उद्योगी’ असा आरंभ करून ‘हट्टी, मत्सरी’ असा शेवट केला. दुसऱ्या गटापुढे तेच शब्द उलट क्रमाने ठेवले. शब्द तेच असूनही पहिल्या गटाचे मत अधिक अनुकूल झाले. आधी कळलेल्या गोष्टीच्या प्रकाशात माणूस पुढचे सारे पाहतो. दूरध्वनीवर तर चेहरा दिसत नाही, प्रमाणपत्र दिसत नाही. ऐकू येतो तो केवळ आवाज.

समजा, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या एका तरुणाने अर्जावर वडिलांचा क्रमांक दिला आहे. कारखान्यातून दूरध्वनी येतो तेव्हा वडील बाजारात भाव करीत असतात. “कोण पाहिजे? तो घरी नाही,” एवढे बोलून ते दूरध्वनी बंद करतात. सायंकाळी निरोप मिळतो, पण कोणी व कशासाठी विचारले होते हे सांगता येत नाही. तिकडे यादीतील पुढच्या नावाला बोलावणे गेलेले असते. येथे तरुणाची गुणवत्ता कमी पडली नाही; कमी पडली ती पूर्वतयारी.

उमेदवाराने काय करावे?

अर्जावर शक्यतो स्वतःचा व चालू असलेला क्रमांक द्यावा. घरातील वा शेजारचा क्रमांक द्यावा लागल्यास त्या व्यक्तीला अर्जाची कल्पना द्यावी. पैसे आधी भरण्याच्या पद्धतीतील क्रमांक सलग ९० दिवस न वापरल्यास बंद होऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे. भरती पूर्ण होईपर्यंत क्रमांक बदलू नये. अर्जांची एक वही करावी. संस्था, पद व तारीख तीत लिहावी. “कोणत्या जागेसाठी?” असे उमेदवारानेच विचारावे, यासारखा वाईट आरंभ नाही.

दूरध्वनी आल्यावर “नमस्कार” म्हणून आपले नाव सांगावे. गोंगाटात असल्यास, “साहेब, मी प्रवासात आहे, दहा मिनिटांनी मी स्वतः दूरध्वनी केला तर चालेल का?” असे विचारण्यात संकोच नसावा, मात्र दहा मिनिटे म्हणजे दहाच मिनिटे. समोरच्याचे बोलणे मध्येच तोडू नये. तारीख, वेळ, पत्ता व आणावयाची कागदपत्रे लिहून घ्यावीत आणि पुन्हा म्हणून दाखवावीत. न समजलेले विचारावे. पगाराची घासाघीस पहिल्याच संभाषणात करू नये. दूरध्वनी हुकला तर त्याच दिवशी, कार्यालयीन वेळेत, आपण होऊन संपर्क साधावा. लागोपाठ पाच-सहा वेळा घंटी वाजवू नये.

नम्रता म्हणजे भाबडेपणा नव्हे. नोकरीच्या आमिषाने ‘नोंदणी शुल्क’ वा ‘अनामत’ मागणारे, बँकेचा तपशील वा ओटीपी विचारणारे दूरध्वनी येतात. अशा वेळी काहीही न देता संस्थेच्या मूळ पत्त्यावर खात्री करावी. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

दुसऱ्या बाजूचे कर्तव्य

शिष्टाचार एकट्या उमेदवाराने पाळावयाचा नाही. बोलावणाऱ्यानेही प्रथम आपले नाव व संस्था सांगावी, बोलण्यास सवड आहे का हे विचारावे आणि एकदा दूरध्वनी लागला नाही म्हणून नाव खोडू नये. डोंगराळ भागात संपर्क तुटणे हा उमेदवाराचा दोष नव्हे. वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी वळणाचे बोलणे हाही दोष नव्हे. बोलीवरून योग्यतेचा निष्कर्ष काढणारा स्वतःच चांगल्या माणसाला मुकतो. पहिला ग्रह चटकन होतो, म्हणूनच तो तपासून पाहण्याची जबाबदारी अधिकारपदावरील व्यक्तीवर अधिक येते.

गावात करता येण्याजोगे

ही तयारी खर्चाची नाही. दहावी-बारावीच्या वर्गात एक तास राखून ठेवावा. एका विद्यार्थ्याने कार्यालयातून बोलावे, दुसऱ्याने उमेदवार म्हणून उत्तर द्यावे, इतरांनी चुका सांगाव्यात. मुलींना ही संधी आवर्जून द्यावी, कारण अनेक घरांत त्यांच्यासाठी आलेला दूरध्वनी दुसरेच कोणी घेते. ग्रामपंचायतीला वाचनालयाची एक शांत खोली कार्यालयीन वेळेत उमेदवारांना उपलब्ध करून देता येईल. पालकांनाही चार गोष्टी सांगाव्यात: कोण बोलते ते विचारावे, क्रमांक लिहून ठेवावा, मुलगा वा मुलगी केव्हा भेटेल ते सांगावे आणि निरोप त्याच दिवशी पोहोचवावा.

विद्या मिळविण्यास वर्षे लागतात. दूरध्वनीवर नीट बोलण्याची सवय थोड्या सरावाने लागते. वर्षांची मेहनत दोन मिनिटांच्या संभाषणात वाया जाऊ नये, एवढी काळजी प्रत्येक गावाला घेता येईल.