डोळ्याच्या खोबणीतले हाड कोरणारे हत्यार



या पानावर मी नेहमी बेणे, खोडवा आणि खताच्या मात्रा यांवर लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे. मागच्या गळीत हंगामात मी आठ दिवस रजेवर होतो, तेव्हा गटातल्या बऱ्याच जणांनी चौकशी केली. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, डोळ्याचे ऑपरेशन होते. ते कसे झाले हे ज्याला सांगितले तो म्हणाला, "साहेब, हे अंकात लिवा की." म्हणून लिहितो.

आक्काचे डोळे हळूहळू मोठे दिसू लागले होते. बायका म्हणायच्या, रागीट झालीय. रात्री पापण्या पुऱ्या मिटत नसत, सकाळी डोळे लालभडक. वर्षभर आम्ही नुसते थेंब घालत बसलो. मग एके दिवशी तिला स्वतःचे लाल लुगडे विटके दिसू लागले, तेव्हा कुठे जागे झालो. पुण्याच्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि लगेच गळ्याला हात लावला. दुखणे थायरॉईड ग्रंथीशी निगडित निघाले.

डोळा ज्या खोबणीत बसतो ती सात हाडांची असते आणि तिच्यात जागा जेमतेम ३० मिलिलिटर. या विकारात डोळ्यामागची चरबी आणि स्नायू सुजतात. हाड काही सरकत नाही. मग डोळा पुढे ढकलला जातो आणि मागे नजरेची नस चेपते. रंग फिके दिसणे ही त्याचीच खूण. तिकडे दुर्लक्ष केले तर दृष्टी जाते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा विकार जास्त होतो आणि जास्त बळावतो, हे आता पक्के ठरलेले आहे. औषधाने भागले नाही तर खोबणीचे थोडे हाड काढून सुजलेल्या भागाला जागा करून देतात.

नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ, ती सहज निघते. कानशिलाकडची मात्र मागे जाड होत जाते आणि तिच्या पलीकडे मेंदूचे आवरण. आजवर तिथे छिन्नी, पकड आणि वेगाने फिरणारे ड्रिल चालवीत, अजूनही चालवितात. ड्रिल काम झपाट्याने करते, पण शेजारी मऊ काही आले तर गुंडाळून ओढते. मळणी यंत्रात धोतराचा सोगा गेल्यावर काय होते ते आपल्याला सांगायला नको.

नवे हत्यार फिरत नाही, थरथरते. त्याचे टोक सेकंदाला सुमारे २५,००० वेळा कंप पावते. माणसाच्या कानाला २०,००० च्या वरचे ऐकू येत नाही, म्हणून त्याला अल्ट्रासॉनिक म्हणतात. हलते किती, तर केसाच्या जाडीइतके. दोरीवर वाळत घातलेल्या धोतराला काठी मारली तर ते काठीबरोबर हलते. तीच काठी मडक्याला मारली तर मडके फुटते. तसेच इथे आहे. हाड हलत नाही म्हणून त्याचा चुरा होतो, मऊ भाग टोकाबरोबर हलतो आणि बराचसा वाचतो. कच्च्या अंड्याचे कवच याने कोरले तर आतला पापुद्रा शाबूत ठेवता येतो.

मूळ तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातही आहे. टकटक करणाऱ्या गॅसच्या लायटरमध्ये विशिष्ट पदार्थावर आघात होऊन ठिणगी पडते. दाबाने स्फटिकात वीज निर्माण होते हे १८८० साली पिएर आणि जाक क्यूरी या फ्रेंच भावांनी दाखविले. इथे उलटे करतात : वीज देऊन थरथर मिळवितात. १९६७ साली न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स केलमन यांनी दात साफ करण्याच्या अशाच हत्यारावरून मोतीबिंदू काढण्याची युक्ती शोधली. हाडासाठी ही रीत इटलीच्या डॉ. तोमासो व्हर्चेलोत्ती यांनी दातांच्या कामातून पुढे आणली.

मी डॉक्टरांना आपल्या रीतीने विचारले, "जोर लावला तर लवकर होईल ना?" ते हसले. जोर लावला की कंप मंदावतो आणि उष्णता वाढते. हाड ४७ अंशांवर मिनिटभर राहिले तरी मरू लागते. म्हणून टोकावर सतत पाणी सोडतात. या जातीच्या काही यंत्रांत चुरा आणि पाणी ओढून घेणारी नळीही त्याच दांड्यात असते. हात हलका ठेवून टोक पुढेमागे फिरवीत राहायचे. ऊस तोडायला नव्या आलेल्या पोराला आपण उलटेच शिकवतो.

दोषही सांगतो. हे काम ड्रिलपेक्षा सावकाश होते, खर्चही जास्त येतो. टोक तापले किंवा चुकीच्या जागी टेकले तर नसेला इजा होऊ शकते, तेव्हा यंत्रापेक्षा हात कोणाचा ते आधी बघावे. शिवाय हाड कोणत्याही हत्याराने काढा, नंतर एकाचे दोन दिसण्याचा त्रास होऊ शकतो.

आक्काला तो झाला. पापणीच्या घडीतून छेद घेतला होता, त्याची खूण आता शोधावी लागते. पण चार महिने तिला ताटात दोन भाकऱ्या दिसत होत्या. "एक तुझ्या दाजींना देते," म्हणायची. आता एकच दिसते. रात्री डोळे मिटतात, लुगडे पुन्हा लाल दिसते. गळ्याच्या गोळ्या आणि रक्ताची तपासणी मात्र चालू आहे.

— ऊस विकास अधिकारी