पाटल्या गेल्या, इंजिन आलं!

मैत्रिणींनो, बायकांच्या पानावर ट्रकच्या इंजिनाचं काय काम, असं वाटेल तुम्हाला. पण ज्या इंजिनापायी सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या पतपेढीत तारण पडल्या, त्याच्या पोटात काय चाललंय ते मला कळायला नको?

आम्ही वेल्ह्याचे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातले. दारात एकच ट्रक. इथला तांदूळ पुण्याला न्यायचा, कोकणातून चिरा आणायचा, त्यावर घर चालतं. गेल्या उन्हाळ्यात चिरा भरून वरंधा घाट चढताना गाडीनं दम टाकला. आधी शिट्टीसारखा आवाज, मग निळा धूर, मग ओढच गेली. टोचन लावून भोरला आणली.

पहिल्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, ‘‘टर्बो गेलाय. नवीन टाकतो, पंपाला थोडं डिझेल वाढवून देतो. दोन दिवसांत गाडी पळेल.’’ पाऊस तोंडावर आलेला, हप्ता थकलेला. आमचे हे तयारच झाले. मी म्हटलं, पाटल्या माझ्या जायच्यात, आणखी एकाला विचारू.

दुसरे मिस्त्री म्हातारे, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी इंजिनाखालचं तेल काढलं, बोटांवर चोळलं आणि मला दाखवलं. तेलात चमचमणारा धातूचा चुरा! म्हणाले, ‘‘वहिनी, टर्बो मेला नाही, मारलाय. आणि मारणाऱ्याला न शोधता नवा टाकला, तर तोही महिन्यात जाईल.’’

टर्बो म्हणजे काय ते मामांनी मला चुलीवरून समजावलं. जास्त हवा, जास्त जाळ, म्हणून आपण फुंकणी मारतो. टर्बो ही इंजिनाची फुंकणी, फक्त ती इंजिनाच्याच धुरावर फिरते. जाणारा गरम धूर एक पंखा फिरवतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा ताजी हवा आत कोंबतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 साली या युक्तीचं पेटंट घेतलं. हा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, आणि तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत! तेल थांबलं की खेळ खलास.

मग आमच्या गाडीचं तेल का थांबलं? तर भज्यांमुळे! घाटमाथ्यावर पोचलं की हे झटकन इंजिन बंद करून टपरीवर चहा-भजी खायला. चढावर टर्बो लालबुंद तापलेला. त्यातलं तेल जागच्या जागी जळून त्याची काजळी होते. अशी वर्षभर काजळी साचून तेलाची नळी चोंदली होती.

मामांनी अख्खं इंजिन खोललं. दुपारी घरची कामं उरकून मी नसरापूर, कापूरहोळ करत भोरला जायची आणि स्टुलावर बसून बघायची. येणारेजाणारे टकमक बघायचे. बघू देत! टेल्कोच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलेलं वाचून सुधा मूर्तींनी 1974 साली थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि टेल्कोत इंजिनिअर झाल्याच की. आज आपल्या फलटणच्या कमिन्सच्या कारखान्यात मुली इंजिनं जोडतात. मी तर नुसतीच बसले होते.

बसले म्हणून कळलं, की भक्कम इंजिन ताकदीनं नाही, मापानं बांधतात. बांगडी कशी दोन-चारची, दोन-सहाची, हाताला बेतून घेतो? तसंच. क्रँकवर ओरखडे होते, म्हणून तो ‘दहा थाऊ’ घासला, म्हणजे पाव मिलिमीटर. त्याला तेवढीच जाड बेअरिंगं आणली. लायनर नवे, आणि प्रत्येक पिस्टनचा लायनर त्याच्याच मापानं घासलेला. मधली फट जेमतेम केसाएवढी. पिस्टन तर मामांनी चक्क सोनाराच्या काट्यावर तोलले! एक जड, एक हलका असला की इंजिन थरथरतं आणि बेअरिंगं खातं. रिंगांची टोकं कानशीनं घासून थोडी फट ठेवली. टर्बोच्या उष्णतेनं रिंग फुगते. जागा नसेल तर टोकं भिडतात आणि लायनर ओरबाडला जातो. पिस्टनवर खालून तेलाची चिळकांडी मारून त्याला थंड ठेवणाऱ्या नळ्या असतात, त्याही एकेक साफ केल्या. मधला हवा थंड करणारा इंटरकूलर धुतला. त्यात जुनं तेल राहिलं, तर इंजिन तेच पिऊन चावी बंद केल्यावरही भडकून पळत राहतं म्हणे. ऐकून अंगावर काटाच आला.

शेवटी ह्यांनी हळूच विचारलं, ‘‘मामा, थोडं डिझेल वाढवता का?’’ मामा म्हणाले, ‘‘हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, तर काळा धूर निघणार आणि पिस्टन वितळणार. वहिनींच्या पाटल्या वितळवायच्यात का?’’ हे गप्प!

दोन दिवसांचं काम तीन आठवड्यांवर गेलं. ते तीन आठवडे कसे काढले, ते माझं मला ठाऊक. किराणा उधारीवर, मुलीची फी पुढच्या महिन्यावर. मग पहिले हजारेक किलोमीटर अर्धाच माल आणि लगेच तेलबदली. पण पाऊस गेला, भात निघालं, दिवाळी झाली, गाडी एकदाही उभी राहिली नाही.

तुमच्याही घरी ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर असेल. त्याचं इंजिन काम निघालं, तर पैसे काढून देण्याआधी चार प्रश्न जरूर विचारा. बिघडलं कशामुळे? काय काय मोजलं, ते कागदावर लिहून द्याल? जुने भाग परत दाखवाल? तेल कोणतं, आणि पुन्हा कधी बदलायचं? खरा कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खूश होतो.

पाटल्या अजून पतपेढीतच आहेत, दोन हप्ते राहिलेत. पण आता रात्री गाडी अंगणात येते आणि लगेच बंद होत नाही. दोन मिनिटं संथ गुरगुरते, टर्बो निवेपर्यंत. तेवढ्यात मी चहाचं आधण ठेवते.