अजिंठ्याच्या भिंतीवरचे जहाज

चित्र : अजिंठा, लेणे क्र. २. काळ साधारण ५वे-६वे शतक. तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच, अरुंद शिडे. पुढे वाऱ्याने फुगलेले आणखी एक. नाळेवर रंगवलेला डोळा. सुकाणू म्हणून मागे बाजूला लांब वल्ही. मागच्या भागात रांगेने मांडलेले रांजण. चित्रासमोर उभे राहिल्यावर ते जरूर शोधावेत.

शिवण : हिंदी महासागरातील जुन्या जहाजबांधणीत फळ्या लोखंडी खिळ्यांनी ठोकत नसत. कडेला भोके पाडून काथ्याच्या दोरीने शिवत. सांधे राळेने बुजवत.

समुद्राशी नाते : अजिंठा समुद्रापासून दूर; तरी याच भागातील पैठणचा माल बैलगाड्यांतून भडोच बंदराला जाई. वाट २० दिवसांची, अशी नोंद पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे.

आजचे रूप : ‘कौंडिण्य’. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलेले शिवलेले जहाज. मूळ आराखडा कुठेच उपलब्ध नाही. आकार चित्रावरूनच ठरवावा लागला. केरळचे कारागीर, प्रमुख बाबू शंकरन. लांबी सुमारे २० मीटर. कारवार येथे २१ मे २०२५ रोजी नौदलात दाखल. डिसेंबर २०२५मध्ये पोरबंदरहून मस्कतकडे रवाना.