माळशिरसच्या माळावरचं सांजोवेझे

वेळापूर म्हटलं की लोकांना अर्धनारी नटेश्वराचं यादवकालीन देऊळ आठवतं, नाहीतर आषाढवारीतला माउलींच्या पालखीचा मुक्काम. शेतीचं विचारलं तर उत्तर एकच, ऊस. याच माळशिरस तालुक्यात मोटेवाडी, गारवाड आणि निमगावच्या माळांवर देशातल्या नावाजलेल्या वाइनची द्राक्षं पिकतात, हे आमच्या बाजारपेठेतल्याही कित्येकांना ठाऊक नाही.

मी खाण्याच्या द्राक्षाचा बागायतदार. वडिलांनी थॉमसन लावली, मी सोनाका. त्यामुळे फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या या बागा मी शेतकऱ्याच्या नजरेनेच पाहतो. राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष नाशिककडे होतं. काही वर्षांनी तीन घरचे भाऊ अकलूजला एकत्र आले. इटलीचे आंद्रेआ आणि अलेस्सिओ सेक्की, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, आणि अकलूजचे रणजितसिंह व अर्जुनसिंह मोहिते-पाटील. वाइन करायला इटलीतल्या तोस्कानाहून पिएरो मासी आले. मोहिते-पाटलांसारख्या साखर कारखानदारीतल्या घराण्याने माळावर परदेशी कलमं लावावीत, याचं तेव्हा गावोगाव नवल झालं. आज या बागा सुमारे २४० एकरांवर आहेत.

शंभू महादेवाची डोंगररांग शिखर शिंगणापूरकडून पूर्वेला उतरत येते. तिच्या आडोशाला पाऊस जेमतेम पडतो. कालव्याखालच्या काळ्या रानात ऊस उभा राहिला आणि वरचा मुरमाड माळ कुसळांना राहिला. वाइनच्या वेलीला तोच मानवतो.

आम्ही खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून घड जीए या संजीवकाच्या द्रावणात बुडवतो, विरळणी करतो, पाणी मोजून पण भरपूर देतो. ग्राहकाला पातळ सालीचा, बिनबियांचा, लांबट मणी हवा असतो. वाइनला याच्या उलट चालतं. मणी बारीक हवा, साल जाड हवी, बी असली तरी चालते. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो, आणि मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून वेलीला पाण्याचा ताण देतात आणि घड मुद्दाम कमी ठेवतात. जास्त माल धरला की रस पचपचीत होतो. एकरी टनाच्या हिशेबात वाढलेल्या माझ्यासारख्याला चांगले घड कापून जमिनीवर टाकलेले बघवत नाहीत. पण गणित बरोबर आहे. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. आमची द्राक्षं सतरा-अठरा ब्रिक्सला निघतात, वाइनची बावीस-चोवीसपर्यंत थांबवतात. गोडी जितकी जास्त, तितका पुढे मद्यार्क.

तोस्कानात वेल थंडीत झोपते, वर्षातून एकदा छाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं निघतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची, पावसाळा तसाच काढायचा, आणि पाऊस हटला की फळछाटणी. काढणी जानेवारी ते मार्च, तीही ऊन चढायच्या आत, नाहीतर गरम घड क्रेटमध्येच आंबायला लागतात. पांढऱ्या वाइनसाठी आधी रस काढतात आणि स्टीलच्या टाक्यांत थंड ठेवून आंबवतात. लालसाठी सालीसकट आंबवतात. सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाच्या जाती मिळून केलेली इथली ‘सेत्ते’ ही लाल वाइन नंतर ओकच्या पिंपांत मुरते. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं जातात.

माझी आई माळकरी. ती म्हणते, “पिकवणाऱ्याला पाप नाही रे, पण पिणाऱ्याच्या घरचं कोण बघतंय?” जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असं पुढाऱ्यांनी सांगितलं. बारा-चौदा टक्के मद्यार्काच्या पेयाबद्दल असं बोलणं मला पटत नाही, आणि आईचा प्रश्न मला खोडून काढता येत नाही. पण कमी पाण्यात माळ कसा पिकवावा, हे तालुक्यात दुसऱ्या कुठल्या पिकाने इतक्या बारकाईने दाखवलेलं मी पाहिलं नाही. ज्या भागात उसासाठी कालव्याच्या पाळीवरून भांडणं होतात, तिथे हे मला फार मोलाचं वाटतं.

वाइनची बाग लावू का, असं तरुण पोरं विचारतात. मी त्यांना आधी फळछाटणीच्या वेळी जाऊन ओलांड्यावर किती डोळे राखतात ते बघायला सांगतो. मग विचारतो, माल घेणार कोण? थॉमसनला भाव नसला तर बेदाणा करून ठेवता येतो. सांजोवेझे ना बाजारात विकता येत, ना त्याचा बेदाणा होत. २००९च्या आसपास वाइनरी अडचणीत आल्या तेव्हा नाशिककडच्या कित्येक शेतकऱ्यांनी उभ्या बागा तोडल्या. खरेदीचा करार, त्यातला ब्रिक्स आणि दर, पैसे किती दिवसांत मिळणार, हे कागदावर आल्याशिवाय एकही कलम लावू नका.