कोरड्या हवेचा जमाखर्च

हिंगणघाटच्या कापडगिरण्यांत ज्यांनी उमेदीची वर्षे वेचली, त्यांना हवेतील ओलाव्याचे मोल निराळे सांगावयास नको. कारण वैशाखातील कोरड्या झळांत सूत ठिसूळ होऊन वारंवार तुटते, आणि म्हणून खात्यात पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडण्याची तजवीज कारखानदारांस करावीच लागते. त्या तुषारांनी सूत सावरते आणि हवाही निवते. डेटा सेंटरच्या शीतकरणाचे इंगित नेमके येथेच आहे.

संगणकास पुरविलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती अहोरात्र हटविण्यासाठी पुन्हा वीजच खर्ची पडते. हा वरखर्च किती, हे बाहेरच्या हवेवर, आणि त्यातही तिच्या कोरडेपणावर पुष्कळसे अवलंबून असते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर आणि आर्द्रता 15 टक्क्यांवर असता, ओल्या फडक्याने वेढलेला तापमापक सुमारे 24 अंशच दाखवितो; पाण्याने हवा निवविण्याची सीमा ती हीच. उलट श्रावणात 30 अंश उष्णता आणि 85 टक्के आर्द्रता असता तोच 28 च्या आसपास थांबतो. घरोघरचा कूलर वैशाखात सुखवितो आणि श्रावणात नुसता दमटपणा वाढवितो, त्याचे कारण हेच. संगणकांस 18 ते 27 अंशांची हवा मानवते. तेव्हा आमचा बदनाम उन्हाळा या कामी, मुंबईलगतच्या ऐरोली-महापे येथील खाऱ्या, दमट हवेहून अधिक उपकारक ठरतो. समुद्रतळाच्या तारा आणि पेढ्यांची दफ्तरे मुंबईत, म्हणून डेटा केंद्रे तिकडे वसली. हवेचा विचार त्यात दुय्यमच राहिला.

परंतु या लाभाची किंमत पाण्यात मोजावी लागते. एक लिटर पाण्याचे बाष्प होताना पाऊण युनिटाहून थोडी कमीच उष्णता वाहून नेली जाते. म्हणजे एक मेगावॅटच्या केंद्रास दिवसाकाठी सुमारे 35,000 लिटर पाणी हवे, आणि तेही हिंगणघाटच्या वणा नदीचे पात्र आटलेले असते त्याच महिन्यात. केवळ विजेच्या बचतीवर भाळून दिलेला परवाना म्हणूनच अर्धवट हिशेबावरचा ठरेल. नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक केंद्रास पुरविले जाते. तो मार्ग येथेही मोकळा आहे. उद्या असा प्रस्ताव आपल्या जिल्ह्यात आला, तर नागरिकांनी व नगरपरिषदेने विजेच्या आकड्यासोबत पाण्याचा हिशेब, आणि तोही मे महिन्याचा स्वतंत्र, आग्रहाने मागावा.