संवाद सहायक: किल्लारीहून कच्छपर्यंत गेलेलं शहाणपण

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. गणपती विसर्जनाहून परतून गावं नुकती निजली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १०,००० माणसं गेली, आणि बहुतेकांचा जीव घेतला तो त्यांच्याच घरांनी. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. बाहेरून एकसंध दिसणारी ही भिंत खरं तर दगडांच्या दोन थरांची असते. मधे नुसती माती आणि खडे. धक्का बसला की दोन्ही थर एकमेकांना सोडतात आणि माळवद खाली येतं.

५२ गावं नव्या जागी वसवली गेली. फोटो, भाषणं, उद्घाटनं त्यांच्याच वाट्याला आली. पण खरं अवघड काम होतं ते जिथल्या तिथे उभ्या राहिलेल्या, तडे गेलेल्या सुमारे दोन लाख घरांचं. जागतिक बँकेच्या मदतीने सरकारने त्यांच्या दुरुस्तीची योजना आखली. पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाला मिळणार, काम त्यानेच करवून घ्यायचं. मग भिंतीत आरपार दगड का घालायचा, माळवदावरची माती का उतरवायची, खिडक्या-दारांवरून काँक्रीटचा पट्टा का फिरवायचा, हे त्याला सांगणार कोण? एक इंजिनिअर किती उंबरे झिजवणार!

इथे स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था पुढे आली. प्रेमा गोपालन तिच्या संस्थापक. सरकारने लोकसहभागाचं काम या संस्थेकडे सोपवलं आणि १,२०० हून अधिक गावांत त्या त्या गावच्याच बायकांना 'संवाद सहायक' नेमण्यात आलं. नाव सरकारी वाटतं, काम मात्र शिक्षिकेचं. या बायका आधी स्वतः शिकल्या, मग घरोघरी गेल्या, ग्रामसभेत उभ्या राहिल्या, हप्ता कुठे अडला ते विचारू लागल्या. ज्या गावात बाईने चावडीपुढून जाताना डोक्यावरचा पदर सावरायचा, तिथे तीच आता गवंड्याला "कोपरा नीट बांधला का?" म्हणून हटकू लागली. सगळ्यांनी सगळं ऐकलं असं नाही. दगडावरचा विश्वासच उडालेल्या अनेकांनी जुनी भिंत तशीच ठेवून त्या पैशात विटांची नवी खोली बांधली. घाबरलेल्या माणसाला भिंतीचं शास्त्र पटायला वेळ लागतो, आणि योजनेला मुदत असते.

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं. तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पण पडलेल्या घरापुढे बसलेल्या बाईशी काय बोलायचं ते त्यांना ठाऊक होतं: यादीत नाव आहे का, पंचनाम्यात काय लिहिलंय, खातं कोणाच्या नावावर आहे. तज्ज्ञाच्या भाषणातून हे येत नाही. १९९९ चा भूकंप सोसलेल्या तुर्कस्तानातल्या बायकांशीही अशी देवाणघेवाण झाली. २००४ च्या त्सुनामीनंतर ती तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचली.

दुरुस्तीची योजना संपली, सहायकांचं पद गेलं. बायका मात्र पांगल्या नाहीत. त्यांच्यात बचत गट उभे राहिले, आणि दुष्काळाच्या वर्षांत त्यांतून एक एकराची शेती पुढे आली. नगदी पिकाच्या रानातला एक एकर घरच्या बाईच्या हाती द्यायचा आणि तिने त्यात धान्य, कडधान्य, भाजीपाला घ्यायचा. २०१७ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला तो या कामासाठी. शिकवण्याची पद्धत तीच, किल्लारीनंतरची: जिला जमलं, तिने शेजारणीच्या बांधावर जायचं.